आवाज येतोय का?

आमच्या इमारतीसमोरून जो उड्डाणपूल जातो
त्याला अख्खं साव पावलो गांडूळ म्हणतं.
मी तिसऱ्या मजल्यावर,
म्हणजे बरोबर गांडुळाच्या पाठीशी.
गाड्या तुंबल्या की एखादा ड्रायव्हर
माझ्या टेबलावरची अर्धी पपई बघत बसतो.
उरलेली अर्धी उद्याची. परवाचीही असेल.

कमरेच्या वर मी इस्त्रीची,
खाली एका शर्यतीत फुकट मिळालेली चड्डी,
त्या शर्यतीत मी धावले नव्हते.
दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघते,
चेपण्याची किंमत ठरवते.
सगळे मालक लिहितात, गाडी उभीच होती.
सगळ्यांच्याच गाड्या उभ्या असतात,
मग या शहरात चालतंय कोण?

"जांदिरा, तू म्यूटवर आहेस."
सकाळपासून पहिल्यांदा कुणी माझं नाव घेतं
ते हे सांगायला.

वरच्या घरात मार्चपासून ड्रिल.
एवढी भोकं पडल्यावर भिंत उरली कशी
हा काही माझ्या एकटीचा प्रश्न नाही,
पण घरी मी एकटीच असते.

बाथरूमला गेले की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा पडतो.
म्हणून माउसखाली बाबांचं मनगटी घड्याळ ठेवते.
सेकंदकाटा सरकतो,
कंपनीला वाटतं मी हलतेय.
बाबा तेहेतीस वर्षं कापडगिरणीत होते,
अजून ड्यूटीवर आहेत.

इंटरनेटचा माणूस येणार होता आठ ते सहाच्या दरम्यान.
मी डोक्याला साबण लावला तेवढ्यात आला
आणि लिहून गेला : ग्राहक घरी नाही.
मी!
जी गुरुवारपासून उंबऱ्याबाहेर पडलेली नाही!

बहीण उबेराबाहून फोन करते,
"आईचे फॉर्म तेवढे भरून टाक, घरीच तर असतेस."

पावात चोवीस काप असतात. सतराव्याला बुरशी.
लग्नाचं विचारणाऱ्यांना मी हा हिशेब देते.
त्यांना वाटतं मी विषय टाळतेय.

खाली दारावर आदेइल्दो होता.
माझी पार्सलं सांभाळायचा,
लॉटरीसाठी माझ्या फ्लॅटचा नंबर लावून हरायचा,
आणि कचरा टाकायला उतरले की म्हणायचा,
"दोना जांदिरा, काल दिसला नाहीत."
तेवढंच. पण काल मी नव्हते
हे कुणाच्या तरी लक्षात आलेलं असायचं.

जूनमध्ये सोसायटीची मीटिंग झाली, अर्थात ऑनलाइन.
पगार वाचवायचा, पहारेकरी काढायचा,
दारावर पडदा आणि बटण बसवायचं.
मी बोलले. चांगलं चार मिनिटं बोलले,
बावीस वर्षं, त्याचा गुडघा, पुराच्या रात्री त्यानं उपसलेलं पाणी.
आवाज चढला, डोळे भरले.
मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या,
"तिसऱ्या मजल्याचं काही म्हणणं नाही असं दिसतंय."

आता बटण दाबलं की एक आवाज येतो,
कुठल्या शहरातून, देव जाणे.
नाव? फ्लॅट? ओळखपत्राचे शेवटचे तीन आकडे?
मी रोज सांगते, तो रोज नव्यानं विचारतो.

काल दार अडकलं.
हातात दूध, फुटपाथवर मी.
"एक क्षण," तो म्हणाला, आणि त्या क्षणामागे
कुकर सुसाटत होता, एक पोर रडवेलं विचारत होतं
माझा दुसरा बूट कुठाय?

"तुम्ही घरून काम करता?" मी विचारलं.
एकदम शांत झालं.
ही शांतता मी ओळखते,
बटण दाबून पाडलेली असते.

"घेवडा असेल तर तळाला लागेल," मी जाळीला तोंड लावून म्हटलं.
"गॅस बारीक करून या. बूट शोधा.
मला घाई नाही."
आणि दूध एका हातातून दुसऱ्या हातात घेत
उभी राहिले.