पासंग

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव सुटला
की माणसांच्या भुवयासुद्धा पिवळ्या असतात.
अशा एखाद्या दुपारी मी वर्षाचे शिक्के मारायला यायचो,
वजनमापे खात्याची पेटी घेऊन,
आणि बसायचो खैरुद्दीन काटेवाल्यांच्या ओट्यावर.
सावली तिथंच असायची,
उन्हाची कडही तिथंच.

चाचांना डाव्या कानानं ऐकू येत नसे.
लोक जेवायला बोलवायचं तर उजवीकडून सांगत,
उसनं मागायचं असलं
की आधी डावीकडून बोलून बघत.

शाळेत मला वहीत दोन रकाने आखायला लावले होते.
उजेड, अंधार. लाभ, हानी. जन्म, मरण.
मधली रेघ पट्टी लावून.
ती रेघ मी नोकरीभर बाळगली:
इकडं खरं माप, तिकडं खोटं,
आणि रेघेवर बसायला जागा नाही कुणालाच.

एकदा चाचांनी रिकामी तागडी उचलली.
एक पारडं खाली गेलं.
"सांगा सायेब, काय हाय ह्याच्यात?"
काही नाही, मी म्हणालो.
"आन् त्याच्यात?"
काही नाही.
"मंग हे काहीच-नाही त्या काहीच-नाहीपेक्षा
जड कसं वो?"

मग वर गेलेल्या पारड्याच्या दोरीला
त्यांनी चिंचोका बांधला, एक,
दातानं किंचित कुरतडलेला.
काटा थरथरला, उभा राहिला.

पासंगाला नियमात जागा नव्हती.
मी पावती फाडली.
त्यांनी पैसे दिले, वर चहाही दिला.

त्याच साली आई गेली
आणि पाचव्या दिवशी मुलगी झाली.
सुतकात सोयर मिसळलं.
एका चुलीवर धगधगत होतं बाळंतिणीचं पाणी,
दुसरी चूल थंड ठेवलेली.
लोक म्हणाले, एक गेलं, एक आलं,
फिटंफाट.
मी मान हलवली.
रात्री मात्र झोळीची दोरी ओढताना
हात एकाच बाजूला जाई,
आणि आईच्या घोंगडीचं रिकामं वळकटं
घरातल्या कुठल्याच रिकाम्या जागेइतकं
भरत नसे.

आता मोंढ्यात एका ताटाचे काटे आलेत.
लाल आकडे, समोर कुणी नाही.
चाचा ताटावर बोट ठेवतात, बोटाचं वजन येतं.
उचलतात, शून्य.
"ह्यो कुणाशी तोलतो वो?"
आत धातूची एक पट्टी असते, मी उजव्या कानात सांगितलं,
भार आला की ती वाकते.
किती वाकली, तेवढं वजन.
"म्हंजे दुसरं पारडं गिळलंय त्यानं,"
ते म्हणाले, आणि बराच वेळ
बहिऱ्या कानाकडं मान कलती करून बसले,
तिकडून कुणी काही सांगत असल्यासारखे.

निवृत्तीच्या दिवशी मी पेटी जमा केली.
कारकुनानं यादी लावली:
शिक्के आठ, हातोडी एक,
प्रमाण वजनं, मखमलीच्या खणांत, पूर्ण.
शेवटी कोपऱ्यातून त्यानं काहीतरी चिमटीत धरलं.
"साहेब, हे यादीत नाही."

नाही, म्हणालो.
आणि हात पुढं केला.