बेतूलचा भोंगा

शिडीला अठ्ठावीस पायऱ्या. एकोणिसावी नाही.
कधी निसटली ते नोंदवहीत सापडत नाही,
पण पायाला माहीत आहे;
तिथे तो आपसूक लांब पडतो, अंधारातसुद्धा.

वर पत्र्याच्या टोपीखाली कुंभारमाशीचं घर,
जाळीत कावळ्यानं ओवलेली जाळ्यांची निळी दोरी,
आणि मीठ.
साळ नदी समुद्रात शिरते तिथून
वारा ते घेऊन येतो, न मागता,
बोल्टाच्या आट्यांत भरतो, वायरच्या टोकांना चाटवतो.

सेबास्त्यांव मेस्त सांगायचा,
आधी हात लावू नकोस, बाय. आधी ऐक.
नुसता हुंकारला आणि फिरला नाही, तर बेअरिंग धरलंय.
फिरला पण चढला नाही, तरी बेअरिंगच, धरायच्या वाटेवर.
चढून थरथरला, तर पातं वाकलंय.
अगदीच गप्प राहिला
तर पंचायतीत जाऊन विचार, विजेचं बिल भरलंय का.
त्याचा डावा कान ह्याच भोंग्यानं नेला.
उजवा बायकोची बोलणी खायला राखलाय, म्हणायचा.

मे महिन्यात खात्याचं पत्र आलं:
जुने यंत्र तपासून अहवाल द्यावा,
ठेवण्याजोगे नसल्यास मोडीत काढावे.
जेटीपाशी नवा खांब उभा आहेच,
वर सौर पट्टी, चार कर्णे,
त्यात एका बाईचा आवाज, तीन भाषांत, कुठल्याच गावचा नसलेला.
सध्या ती बोलत नाही. तिचं कार्ड पुण्याहून यायचंय.

मी भोंगा उघडला.
बेअरिंगमधल्या गोळ्या चहाच्या रंगाच्या,
ग्रीस वाळून जुन्या हिंगासारखं.
मेगर लावला, काटा अर्ध्यावरच दमला.
वाइंडिंगनं दमट हवा पिऊन घेतलेली.
मग दोनशे वॅटचा दिवा आत टांगून
दोन रात्री शेक दिला, बाळंतिणीला देतात तसा.
बासष्ट शून्य पाच नंबरचं बेअरिंग
मडगावला तिसऱ्या दुकानात मिळालं,
दुकानदारानं विचारलं, पिठाची गिरण आहे काय?

शनिवारी बारा वाजता कळ दाबली.
तो गुरगुरला, उठला, चढत गेला,
नेहमी थांबायचा तिथे थांबला नाही.

बाजारात कार्मेलीननं सुरमईवरची सुरी तशीच धरली.
आमचो भोंगो न्हय हो, म्हणाली.
रोज त्याच्यासोबत रडणारा पोस्टाचा कुत्रा
कान उभे करून नुसता बसून राहिला.
देवळात पेटी वाजवणारा घनश्याम वाट अडवून म्हणाला,
इतकी वर्षं काळी एकला लागायचा,
आज थेट काळी दोन. कुणी बदलला?
संध्याकाळपर्यंत दोन माणसं विनंती घेऊन आली,
पहिल्यासारखा करून द्या.

कुणी बदलला.
मीठ रोज थोडं आत जात होतं,
सूर रोज थोडा खाली येत होता,
गाव रोज ऐकत होतं, त्यातच मीही,
दर शनिवारी वहीत लिहीत: चालू. चालू. चालू.

सेबास्त्यांवकडे गेले.
तो खिडकीशी बसलेला, पंजा गजांवर,
आता ऐकणं तिथूनच. उजवा कानही संपला,
तो जिच्यासाठी राखला होता तिच्या पाठोपाठ.
मी काही सांगायच्या आत म्हणाला,
आज तो मी बसवला तेव्हासारखा हलला.
मग जरा वेळानं,
माझ्या हातात असतानाच पडायला लागला असणार. मला कळलंच नाही.

मी काय बोलणार. चहा घेतला, काळा, गुळाचा.

रात्री अहवाल लिहिला.
यंत्र ठेवण्याजोगे.
सूर पूर्ववत; ग्रामस्थांनी सवय करून घ्यावी.
सही केली, तारीख घातली, पाकीट चिकटवणार तोच
सहीखाली जी जागा उरली होती तिथे
बारीक अक्षरात आणखी एक ओळ:
शिडीची एकोणिसावी पायरी बसवून मिळावी.