मोकळा खेळ

मॅकल्सफील्डहून परतताना बक्स्टनच्या उतारावर
क्लच दाबला, तरी गाडी घरंगळेना.
पायी उतरणारा गुडघे धरेल असा उतार,
आणि ही रेंगाळते,
जत्रेतून निघायचं नसलेल्या पोरासारखी.

घराशी आल्यावर हातमोजा काढून
डिस्कजवळ तळहात नेला, टेकवला नाही.
पुढची गार. मागची तवा.
ओलं बोट लावलं: चर्र.

गेडनं गॅरेजचं शटर अर्धंच वर केलं होतं.
मी वाकून आत गेले. गाडीला वाकता येईना,
मग कुरकुरत त्यानं ते पूर्ण उचललं.
स्टँडवर चढवून चाक हातानं फिरवलं.
पाऊण फेरी. थांबलं.

"बेअरिंग," गेड म्हणाला.
त्याला सगळीकडे बेअरिंगच दिसतं,
आमच्या डॉक्टर पेनहॅलोंना जसा मणका.
टायर वरून-खालून धरून हिसडला: खुट्ट नाही.
साखळी दोन बोटं सैल, म्हणजे बरोबर.
अ‍ॅक्सलच्या खुणा दोन्हीकडे सारख्या.
"मग कॅलिपर. पिस्टन गंजलाय, नवं घे."
ऐंशी पौंड, टपालखर्च वेगळा.

मी म्हटलं, थांब जरा.
रोज हेच करते मी, माणसांवर.
खांदा धरून आलेल्याची मान आधी बघते.
दुखतं तिथंच दुखणं असतं असं नाही,
एवढं सांगायचा मला पगार मिळतो.

ब्लीड निपलला रबरी नळी,
नळीचं टोक मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत.
आठचा पाना, पाव वळसा.
कोऱ्या चहाच्या रंगाचं तेल एकदाच पिचकलं
आणि गप्प.
मी चाकाला नुसतं बोट लावलं.
चार फेऱ्या, पाच, सहा,
सातवी संपता संपेना.
गेडनं बोलायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

म्हणजे चाक निर्दोष. कॅलिपरही.
वरूनच कुणीतरी दाबून धरलंय
आणि सोडायचं विसरलंय.
नळीचा माग काढत गेले: मास्टर सिलिंडर, त्याचा दांडा, पेडल.
तिथं मोकळा खेळ हवा,
ज्वारीच्या दाण्याएवढा तरी.
इथं बाजरीएवढासुद्धा नाही.
दांडा आटे संपत येईतो फिरवून पेडल उंच केलेलं,
लॉकनटवर पांढऱ्या रंगाचा ठिपका.
घाईचं काम नव्हे. मोजून, पुसून, खूण करून केलेलं.

"कुठल्या गाढवानं..." गेड सुरू झाला.

मी फूटरेस्टची रबरं बघत होते.
डावं सगळीकडून सारखं झिजलेलं.
उजवं फक्त टाचेच्या बाजूला, पार लोखंड दिसेपर्यंत.
गाढव नव्हे, गेड. घोटा.
पट्टी आणि स्क्रू घालून काटकोनात बसवलेला,
आठवड्याला असे दोन तरी येतात माझ्याकडे.
असला पाय पेडलपर्यंत खाली जात नाही,
पेडललाच पायापर्यंत वर यावं लागतं.
लाँगनॉरमध्ये किल्ली देताना मिसेस ब्रंट म्हणाल्याही होत्या,
विल्फ जिना आडवा उतरायचा,
गाडीवर मात्र बघत राहावं असा बसायचा,
रविवारचं दूध आणि पेपर, चार मैल, बस्स.
चार मैलांत तेल फुगण्याइतकं तापत नाही.
हे सगळं त्या सांगत होत्या
आणि मी नोटा मोजत होते.

ठिपका मोडला. दांडा अडीच वळसे आत.
पेडल खाली बसलं,
बोटाखाली तो एवढासा खेळ, टिक् टिक्.
"अडीच. लिहून ठेव," गेड म्हणाला.
"कशाला?"
त्यानं खांदे उडवले. मी लिहिलं,
त्याच्या भिंतीवर, पेन्सिलीनं, नावासकट.

संध्याकाळी बाहेर काढली. चाक मोकळं,
उतारावर आपसूक पळणारं.
चुनखडीच्या भिंतीपाशी पहिलं वळण आलं,
ब्रेक मारायला मी पाय उचलला,
दोन महिन्यांच्या सवयीनं,
होता त्याहून बराच उंच.