पोच

क्लाक्सविकच्या खाडीत माशांच्या पिंजऱ्यांशेजारी
नांगरलेला तराफा, त्यावर पत्र्याची खोली.
आत रानवा. पायात जाड लोकरी मोजे,
टेबलावर तळहाताएवढं सर्किट, उघडं,
जे सॅमनच्या पाण्यातला प्राणवायू मोजून
किनाऱ्याला कळवतं.
कळवायचं.

तीन दिवस झाले, तासाभरात गप्प होतंय.
जाता जाता पडद्यावर एक ओळ:
व्यत्यय एकोणीस, कुणी दखल घेतली नाही.

हानुस राखणदार. किटली हातात घेऊन वाकून वाचतो.
म्हणतो, ‘आमच्या चुलत्याच्या थडग्यावर
हेच कोरायला हवं होतं.’

असं बघा:
नेटवर्कची चिप कडी वाजवते.
प्रोसेसर हातातलं टाकून धावतो,
दार उघडतो. कुणी नाही.
बसतो न बसतो, कडी.
कुणी नाही.
लाखातल्या नव्व्याण्णव हजार नऊशे खेपा
फुकट गेल्या की
तो कडीच काढून ठेवतो,
आणि मग खरा पाहुणा आला तरी
बाहेरच.
त्याला तरी कुठल्या तोंडाने बोल लावायचा?

रानवाने केबल बदलली. अर्थिंग तपासलं.
एक रेझिस्टर काढून दुसरा डकवला, बोट भाजलं.
हानुस म्हणाला, मीठ.
इथे सगळ्याला मीठच.

रात्रीचे दोन. जून, म्हणून खिडकीत उजेड.
ऑसिलोस्कोपवरची हिरवी रेघ
उतरायला हवी तिथे उतरत नव्हती,
किंचित रेंगाळत होती,
पापणी लवायच्याही कितीतरी आत.

म्हणजे ड्रायव्हर लिहीत होता: झालं, खूण पुसली.
आणि लिहून लगेच पाठ फिरवत होता.
लिहिलेलं अजून वाटेतच,
बसच्या रांगेत, दोन-चार निरोपांच्या मागे.
तोवर रेघ वर. तोवर कडी.
धावत जाऊन बघावं तर निरोप नुकता पोचलेला,
खूण पुसलेली, दारात कुणी नाही.

भूत नव्हतं.
मघाचीच कडी होती ती,
उत्तर मिळालंय हे तिला कळायचं होतं.

दुरुस्ती एका ओळीची.
लिहिलंस ना, आता तिथलंच परत वाच.
वाचलेल्याचं काही करायचं नाही.
पण वाचायला निघालेला
लिहिलेल्याला ओलांडून पुढे जात नाही,
त्याच्या मागोमाग जातो, पोच घेऊनच परततो.

साडेपाचला आकडा शून्यावर होता. सहालाही.
पिंजऱ्यात खाद्य पडल्याचा सडा वाजला,
पाणी उकळल्यासारखं हललं.

‘कॉफी?’ हानुसने विचारलं.
तिने मान हलवली.
‘कॉफी?’ त्याची पाठ होती तिच्याकडे,
मघाशी दोनदा विचारलं तेव्हाही असणार.
‘नको,’ ती मोठ्याने म्हणाली,
आणि किटली खाली टेकल्याचा आवाज येईपर्यंत
कीबोर्डला हात लावला नाही.