मागच्या फळीवर

वार्षिक सभेला आम्ही नऊ जण होतो,
चर्चच्या हॉलमध्ये, अंगातले कोट न काढता.
अध्यक्ष कोण, असं विचारताच
प्रत्येकाला अचानक आपल्या बुटाची नाडी दिसली.
इशबेल गेडीस आत कप विसळत होती.
तिथूनच म्हणाली, नाहीतरी किल्ली माझ्याकडेच असते.
इतिवृत्तात एवढंच आहे:
ठराव एकमताने मंजूर.

त्याला अकरा वर्षं झाली.
किल्लीला बुचाचा एक गोळा बांधलाय,
पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून.
दोनदा पडली. दोनदा तरंगली.

होडी आम्हीच बांधली,
हेरिंग खारवायच्या जुन्या शेडमध्ये,
दोन हिवाळे, प्लायवुड, गोंद आणि शिव्या वापरून.
काउई आणि स्लेटर या घरांत तेव्हा बोलणं नव्हतं.
कारण जाळं होतं की लग्न, आता कुणालाच आठवत नाही.
इशबेलनं स्लेटरच्या पाठीमागे एर्ची काउईला बसवलं.
पुढच्याच्या पाठीकडे बघितल्याशिवाय
वल्ह्याला ताल सापडत नाही.
आता स्लेटरचा डावा खांदा दुखायला लागला
की एर्चीला स्लेटरच्या आधी कळतं.

मासळीच्या कारखान्यातला काझिमिएश आला
तेव्हा त्याला आमची भाषा येत नव्हती.
तिनं त्याला आकडे मोजायला लावले, त्याच्या भाषेत.
अजून आम्ही तसेच मोजतो.
बंदरातल्या म्हाताऱ्यांना वाटतं, ही काहीतरी
होड्यांची जुनी परंपरा असावी.

विम्याची तारीख, लाइफजॅकेटची नळकांडी,
शेडच्या छपरासाठी कौन्सिलला सहावं पत्र.
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात घालवलेली बाई,
न जेवणाऱ्या पोराशी बोलावं
तसं कौन्सिलशी बोलते.

मग मे महिन्यातली ती शर्यत.
पहाटे पाचला तिनं अंगणातल्या दोरीवर
एक फडकं लावलं, बघत राहिली,
आणि चार गावांना फोन केले: आज नाही.
दिवसभर समुद्र पडून राहिला
परातीत निवत ठेवलेल्या दुधासारखा.
धक्क्यावर लोक बसले आणि
बोलायचं ते बोलले.
दोनशे चाळीस सँडविच तयार होती.
संध्याकाळी ती आली. म्हणाली,
चुकलं माझं. सँडविच घरी न्या.
हवामान खात्याचं नाव नाही, फडक्याचंही नाही.
त्यानंतर तिचं 'नाही' आम्ही मुकाट ऐकू लागलो.
का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

वल्हवणारे सगळे उलटे तोंड करून बसतात.
मागे पडलेलं गाव दिसतं, येणारा खडक दिसत नाही.
तो दिसतो फक्त मागच्या फळीवर
सुकाणू धरून बसलेल्याला.
या सप्टेंबरात तिनं ती फळी ब्रिया मॅकीला दिली.
वय सतरा, आवाज शिट्टीसारखा.
स्वतः माझ्या पुढच्या वल्ह्यावर येऊन बसली.
माझ्यासमोर तिची लोकरी टोपी, खाली मान.

सीलांच्या खडकाजवळ ब्रिया ओरडली,
डावीकडे! नाही, उजवीकडे!
आम्ही तिघांनी वळून पाहिलं.
समोरची मान हलली नाही.
वल्हं मोजून पाण्यात गेलं, मोजून वर आलं.
'दोन्ही ऐकलं,' इशबेल म्हणाली,
'यातलं कुठलं, ते सांग.'

ब्रियानं सांगितलं.
खडक इतक्या जवळून गेला
की सीलच्या श्वासाचा वास आला.

किल्ली मात्र अजून तिच्याच खिशात आहे.
सभा नोव्हेंबरात.
मी या वेळी रबरी बूट घालून जाणार आहे.
त्यांना नाडी नसते.