पोटखराबा

चार वर्षांपूर्वीचा कागद.
केवळाबाई लिंबाजी डोईफोडे, वय बावन्न, तालुका धारूर.
खाली दीड ओळ इंग्रजी. मराठीत सांगायचं तर,
‘पोट उघडले. ऑपरेशन नेहमीप्रमाणे. पेशंट ठीक.’
आणि सही अशी,
की पेन चालतं का तेवढं बघितलेलं.

रात्री पावणेदोनला
अंबाजोगाईच्या थिएटरात
मी तेच पोट पुन्हा उघडून उभी आहे
जुन्या व्रणाच्या रेघेवरूनच.
आत आतड्याला आतडं चिकटलेलं,
भिजून वाळलेल्या वाकळेचे थर.
उसवायचं कुठून?
नेहमीप्रमाणे म्हणजे कुणाच्या नेहमीप्रमाणे?
काय काढलंत? काय ठेवलंत?
कागद गप्प.
भूल देणारे देशपांडे सर घड्याळाकडे बघतात,
मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

‘सिस्टर, बाहेर नवऱ्याला विचारून या.’

इंगोले सिस्टर आल्या, दारातूनच बोलल्या,
‘त्यो म्हंतो, ट्रेमधी दाखिवलं व्हतं.
आतडं. जांभळं पडल्यालं. एवढं.’
आणि लिंबाजीची वीत
त्यांनी आपल्या हातानं हवेत धरली,
हिरव्या कापडांपासून चार पावलं लांब.

दवाखान्याला लिहायचं सुचलं नाही ते
एका माणसानं
अंगठा ते करंगळी
चार वर्षं सांभाळलं होतं.

म्हणजे जोड आहे.
म्हणजे जोड शोधायचा.
सापडला तेव्हा साडेतीन वाजले होते.
इतका आक्रसलेला की करंगळी जाईना.

पहाटे बाकड्यावर लिंबाजी.
बाई बरी आहे म्हटलं, तर त्यानं
बियाण्याची पिशवीच पुढं केली, ‘लागलं तर बगा, डाक्टरीणबाई.’
रेशनकार्ड, आधार, सातबारा.
मी उभ्याउभ्या सातबारा वाचला, का कोण जाणे.
गट नंबर, हेक्टर, आर. विहीर एक. आंबे दोन.
पोटखराबा अकरा आर.
म्हणजे जिथं काही उगवत नाही
तेवढा तुकडासुद्धा तलाठ्यानं मोजून लिहिलाय.
जुन्या खरेदीखतात चतुःसीमा,
पूर्वेस ओढा, दक्षिणेस गायरान.
आणि हिच्या पोटाला
ना बांध, ना खूण, ना उरलेलं किती त्याची नोंद.

शिव्या देत नोंद लिहायला बसले.
डोळे मिटत होते. हात आपला आपण चालला.
‘पोट उघडले. ऑपरेशन नेह’

तिथं थांबले.

आठला रेकॉर्डरूम उघडल्यावर खय्यूमला म्हटलं,
माझं रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष काढ.
धूळ झटकत त्यानं गठ्ठा सोडला.
माझ्या हातच्या बावीस नोंदी.
मला वाटलं होतं, चार-पाच निघतील.
सतरा निघाल्या. नेहमीप्रमाणे, नेहमीप्रमाणे.
एकीत तर डावं की उजवं तेही नाही.
ती माणसं कुठं असतील आता,
कुठल्या टेबलावर,
माझ्या सहीला कोण शिव्या देत असेल.

अर्धा कागद तसाच होता. ‘नेह’वर एक रेघ मारली,
खाली वेळ टाकली.
छेद कुठं घेतला. आत काय दिसलं.
जुना जोड, मोठ्या आतड्याच्या अलीकडे चाळीस सेंटिमीटर.
किती कापलं, कशानं शिवलं, रक्त किती गेलं.
फडकी इंगोले सिस्टरनी दोनदा मोजली, दोन्हीदा वीस.
हात कुणाकुणाचे होते.
एका जागी आतडं सोडवताना
वरचा थर फाटला होता. तीन टाके.
हे लिहू की नको, यात एक चहा गार झाला.
लिहिलं.

खय्यूम डोकावून म्हणाला, ‘मॅडम, दोन पानं?
कोण वाचतंय एवढं?’

मी शेवटची ओळ लिहीत होते,
सुवाच्य, शाळेतल्यासारखी:
डाव्या बरगडीखाली आतडं पोटाच्या भिंतीला घट्ट आहे.
मी तिथं हात लावलेला नाही.
पुन्हा उघडावं लागलं
तर तिकडून शिरू नका.