पासून

नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी
एकसारख्या दिसणाऱ्या कागदांतला फरक शोधला.
शाई जराशी पसरलेली, आकड्याचा पाय लंगडा,
कडेची रेघ केसभर सरकलेली,
की अंगठा आपोआप थांबायचा,
कागद बाजूला.

आता जेल रोडला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत,
संध्याकाळी सात ते साडेआठ
इंग्रजी शब्दांच्या जोड्या तपासतो.
खाली पट्टा फिरत असतो, जमीन थरथरते,
फळ्यावर बारीक पीठ बसतं.
त्यातलं पांढरं खडूचं किती आणि बाजरीचं किती
ते डस्टरलाही ठाऊक नाही.

बॉरो आणि लेंड मी हातांनी शिकवतो.
पेन घेतलं, बॉरो. पेन दिलं, लेंड.
केदू बोरस्ते म्हणाला, सर, आमच्याकडं दोन्हीला उसनंच.
देणाऱ्याच्या ध्यानात राहतं,
घेणाऱ्याच्या राहत नाही, एवढाच फरक.
वर्ग हसला.
पेन अजून त्याच्याकडंच आहे.

शेड आणि शॅडो. हे अवघड.
आपल्याकडं दोन्ही सावलीच.
मी म्हटलं, शेडमध्ये बसता येतं,
शॅडो नुसती मागं मागं येते.
तेव्हा अंजना खैरनार,
ओझरजवळच्या पॅकहाउसात द्राक्षं निवडते,
कंपनीच्या गाडीतून उतरून तशीच वर येते,
बोटांना अजून रबरी मोज्यांचा वास,
महिनाभरात पहिल्यांदा बोलली.
म्हणजे सर, बागेवर नेट टाकतात ती शेड,
आणि नेटखाली आमची पडत नाही ती शॅडो.
मी करेक्ट म्हटलं.
याहून बरा शब्द एकतीस वर्षांत जमवलेला नव्हता.

हाउस आणि होमचं पान मी उलटतो.
त्यावर कौलारू घराचं आणि हसऱ्या धुराचं चित्र आहे.

काल सिन्स आणि फॉर.
सिन्सला ठिकाण लागतं, मी सांगितलं,
कॅलेंडरात बोट टेकवता येईल असं.
फॉरला लांबी लागते, कापडासारखी, मोजून.
मराठीला दोन्हीकडं एकच पासून पुरतो.
सोमवारपासून ताप आहे.
चार दिवसांपासून ताप आहे.
तापाला काही फरक पडत नाही,
परीक्षकाला पडतो.

प्रत्येकानं एकेक वाक्य लिहायचं होतं.
केदूनं लिहिलं, द पेन इज विथ मी सिन्स ट्यूज्डे.
सिन्स बरोबर, इज चूक, पेन माझं.

अंजनानं लिहिलं,
माय सिस्टर इज नॉट टॉकिंग टू मी सिन्स सिक्स इयर्स.

मी लाल शाई उघडली. सहा वर्षं ही लांबी झाली,
म्हटलं, इथं फॉर.
तिनं मान हलवली, पण पाटी पुसावी तशी नाही.
दिवस माहीत आहे ना सर.
गुरुवार. सराफ बाजारात आईच्या पाटल्या मोडल्या,
काट्यावर सव्वा ग्रॅम कमी भरलं,
आणि ती माझ्या हाताकडं बघायला लागली.
मग तारीख घाल, मी म्हटलं, सिन्स राहू दे.
ती बराच वेळ वहीकडं बघत बसली.
खाली कुणाचं तरी दळण संपलं,
पट्टा थांबला, आणि तिचा आवाज एकदम मोठा वाटला.
नुसती तारीख घातली तर सहा वर्षं कुठं जातील?
आणि नुसती वर्षं घातली
तर ती गुरुवारचीच आहेत हे कुणाला कळेल?

अंगठा थांबला होता.
कागद बाजूला काढायचा असतो अशा वेळी,
हात सवयीनं तिकडं वळलाही.
मी टोपण लावलं.
वाक्याखाली छोटीशी बरोबरची खूण केली,
तीही निळ्या शाईत, शेजारच्या मुलीकडून बॉरो करून.

मागच्या बाकावरून केदू ओरडला,
सर, तिचं धरलं तर माझंही धरा.
म्हटलं, आधी पेन दे.